चौदा डबे

गिरिजानं गाडी गॅस स्टेशनच्या दुकानासमोर लावली, "आलेच गं, दोन मिनिटं," म्हणाली आणि उतरता उतरता किल्ली काढून घेऊन गेली. झालं एवढंच. हीटर थांबला, डॅशबोर्डवरचे दिवे विझले. दोन मिनिटांसाठी कोण किल्ली काढून नेतं? आत माणूस बसलेलं असताना, बाहेर ऑक्टोबरचा बोचरा वारा सुटलेला असताना? नव्या गाड्यांचं एक बरं असतं, किल्ली पर्समध्ये पडून असते, कुणी नेली कुणी ठेवली कळतही नाही. ही दहा वर्षांची जुनी गाडी, किल्ली फिरवून सुरू होणारी. हिच्यात लपवाछपवीला जागाच नाही. शरयूनं काचेतून पाहिलं. गिरिजा एक गुडघा सांभाळत, किंचित लंगडत दाराकडे चालली होती आणि किल्ली तिच्या मुठीत होती. खिशात नाही, पर्समध्ये नाही, मुठीत. म्हणजे हीसुद्धा, शरयूच्या मनात आलं. म्हणजे हिलाही सांगून ठेवलंय.

कुणी सांगितलं असणार हे उघडच होतं. सकाळी मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या घरून निघताना रवीनं, तिच्या नवऱ्यानं, ड्रॉवरचं कुलूप काढून किल्ली बाहेर घेतली आणि शरयूच्या डोळ्यांदेखत गिरिजाच्या तळहातावर ठेवली होती. गाडी शरयूची, किल्लीला अडकवलेला लाकडी गणपतीही तिच्याच आईनं दिलेला; पण किल्ली तिच्या नाकासमोरून गेली आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. "नीट जा," रवी गिरिजाला म्हणाला. शरयूकडे तो नुसता पाहत राहिला. ते त्याचं पाहणं तिला आता पाठ झालं होतं. गेले सात महिने तो तसाच पाहत होता, ती जिना उतरताना, सुरी धुताना, बाथरूममधून बाहेर येताना. कपाळ जरा वर ओढलेलं, तोंड किंचित उघडं, आणि डोळे तिच्यावर नाही, तिच्या आसपास काहीतरी शोधत असल्यासारखे. त्या चेहऱ्याला तिनं मनातल्या मनात नावही ठेवलं होतं. पहारा.

गिरिजा तिची सव्वीस वर्षांची मैत्रीण. दोघी एमएस करायला आल्या तेव्हा ओहायोत, कोलंबसच्या एका अपार्टमेंटमध्ये एकत्र राहिल्या. शरयू सांगलीच्या कॉलेजातून आलेली, गिरिजा अमरावतीच्या. पुढे शरयू लग्न करून मिनेसोटात गेली. गिरिजा तिथेच राहिली, त्या अपार्टमेंटपासून वीस मिनिटांवर, तिथल्याच डब्लिन गावात, एका विमा कंपनीत. मधल्या काळात तिचं लग्न झालं, मोडलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर कधीतरी तिनं आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स केला. तेव्हापासून बाई एका वेळी एकच गोष्ट करते. चहा पिताना चहा, चालताना चालणं. शरयूनं फोनवर तिची भरपूर टिंगल केली होती, की श्वास घ्यायला क्लास लावलास, मग इतकी वर्षं काय घेत होतीस? पण सप्टेंबरात गिरिजाचाच फोन आला. चार दिवस लेक सुपीरियरच्या काठाकाठानं जाऊ, म्हणाली, ड्राइव्ह मी करते, घाई नाही, यादी नाही, फोटो नाहीत. जे दिसेल ते बघू, जे पुढ्यात येईल ते खाऊ, तुला बरं वाटेल. शरयू हो म्हणाली, तेव्हा तिला ते निव्वळ मैत्रीचं बोलणं वाटलं होतं. आता किल्ली नसलेल्या गाडीत गार होत बसल्यावर तिला ते पुन्हा आठवलं, आणि त्यातला एकेक शब्द कुणीतरी आधी ठरवून दिल्यासारखा वाटायला लागला.

गिरिजा दोन केळी आणि पाण्याची बाटली घेऊन आली. किल्ली लागली, हीटर सुरू झाला. गिरिजानं विचारलं, काय झालं गं, आणि शरयू म्हणाली, काही नाही. डलुथ शहर मागे पडलं. तलाव दिसायला लागला तसा गिरिजानं आपला नियम सांगितला: दोघींनी जे दिसतंय ते फक्त म्हणायचं, त्यावर मत द्यायचं नाही. पाणी, करडं, असं ती स्वतः म्हणाली. मग, पिवळी झाडं. मग, एक होडी, उलटी ठेवलेली. तिचा आवाज एरवी ठसक्याचा, पण ह्या कामासाठी तिनं तो मुद्दाम खाली आणला होता आणि शरयूला तो आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा वाटत होता. तुझी पाळी, गिरिजा म्हणाली. "ट्रक," शरयू म्हणाली. गिरिजा हसली. ती हसली हेसुद्धा शरयूनं टिपून ठेवलं. खरं हसली की प्रोत्साहन म्हणून हसली, हे तिला ठरवता येईना. ह्या दिवसांत तिचं असंच झालं होतं. कुणी दार लोटलं तरी का लोटलं, कुणी उघडं ठेवलं तरी का ठेवलं. मुलगी रुही शिकागोहून दर रविवारी फोन करायची आणि तिच्या त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणायची, "मॉम, इट्स नॉट अबाउट ट्रस्ट." शरयूला वाटायचं, नसतं तर तू ते दर रविवारी म्हणाली नसतीस.

करडं पाणी उजव्या हाताला सारखं होतं, दिसायचं, झाडांआड जायचं, पुन्हा दिसायचं. शरयूला ते पाहावत नव्हतं आणि न पाहून चालत नव्हतं. जानेवारीत आई गेली. मिरजेहून फोन आला तेव्हा इकडे बर्फाचं वादळ. फ्लाइट कॅन्सल झाली, दुसरी मिळाली ती दोन दिवसांनंतरची, आणि तिकडे थांबणार कोण? चुलतभाऊ अवधूत म्हणाला, ताई, मी व्हिडिओवर दाखवतो. शरयूनं स्वयंपाकघरात ओट्यावर फोन उभा केला, मिठाच्या बरणीला टेकवून. पलीकडे अवधूतच्या हातातला फोन आडवा झाला होता, त्याच्या लक्षात नव्हतं, आणि शरयूच्या तोंडून ते सांगायला शब्द निघेना. आईचे पाय दिसले. कुणाची तरी चप्पल दिसली. बराच वेळ एक भिंत दिसली. मग तिकडची माणसं उठली, खांदा द्यायला पुढे झाली, अवधूतनंही फोन खिशात टाकला, आणि मिठाच्या बरणीला टेकलेला काळा पडदा पाहत शरयू उभी राहिली, कुणीतरी पुन्हा उचलेल म्हणून. त्या दिवसानंतर तिची मिठाची चव गेली. आमटीत मीठ घालायची, चाखायची, काही लागायचं नाही, पुन्हा घालायची. रवी निमूटपणे जेवायचा आणि तांब्याभर पाणी प्यायचा. सांगायचा नाही. त्याचं ते न सांगणं म्हणजे चांगुलपणा होता हे तिला कळत होतं, पण नवऱ्यानं एकदा ताट सरकवून "काय खारट केलंयस" म्हणावं, ह्यासाठी तिचा जीव तुटत होता.

आणि मग मार्चातला तो रविवार. गोठलेल्या तलावांवरच्या मासेमारीच्या झोपड्या हलवायची मुदत त्याच आठवड्यात संपली होती. थंडीभर बर्फावर उभं असलेलं ते छोटं गाव उठून गेलं होतं आणि मागे नुसते गाड्यांच्या चाकांचे माग राहिले होते. शरयू दुपारी गाडी घेऊन निघाली, दूध आणते म्हणून. दुकान डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली, उतारावरून खाली गेली आणि त्या मागांवरून सरळ तळ्यावर. मधोमध जाऊन तिनं इंजिन बंद केलं. खालून आवाज येत होता, लांबलचक, पोटातून आल्यासारखा; बर्फ पातळ होताना बोलतो हे तिनं ऐकलं होतं, इतक्या जवळून कधी नाही. तिला भीती वाटली नाही. सपाट होतं, पांढरं होतं, आणि कशी आहेस म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग काचेवर टकटक झाली. नारिंगी जाकिटातला एक म्हातारा पोटावर सरपटत, मागे स्लेज म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढत आला होता, आणि हळू आवाजात म्हणत होता, मॅम, गाडी राहू द्या, तुम्ही फक्त माझ्याबरोबर चला. ती गेली. पोलीस आले, रवी आला. मी निघणारच होते, ती सगळ्यांना सांगत राहिली. मी परत निघणारच होते.

हॉस्पिटलातल्या काउन्सेलर बाईनं रवीला विचारलं, घरी काही वेगळं घडलं होतं का? आणि इथे रवीनं ती चूक केली, जी फक्त आपल्याच माणसानं करावी. बायको ठणठणीत आहे हे सिद्ध करायला तो अभिमानानं म्हणाला, छे हो, ती अगदी नीट आहे, सकाळी तिनं दोन आठवड्यांचं जेवण करून फ्रीजरमध्ये ठेवलं, वारांच्या चिठ्ठ्या लावून. आपल्याकडे ह्याला संसार म्हणतात. त्या बाईचं पेन थांबलं. तिनं रवीकडे पाहिलं, मग शरयूकडे, आणि काहीतरी खूप वेळ लिहिलं. शरयूनं सांगितलं, की अहो, आम्ही दर रविवारी असंच करतो. आठवड्याचा स्वयंपाक, दह्याच्या रिकाम्या डब्यांत, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर वार, कारण दह्याच्या डब्यात आमटी आहे की भाजी की दही हे देवालाही बाहेरून कळत नाही. बाई मान हलवत होती. पण त्या क्षणी रवीचा चेहरा बदललेला शरयूनं पाहिला. रविवारी सात डबे होतात. सव्वीस वर्षांत सातच होत आले होते. त्या रविवारी चौदा होते, आणि दुसऱ्या सातांवर वारांपुढे तिच्या अक्षरात दोनचा आकडा होता. ते डबे पुढे कुणी खाल्ले नाहीत, टाकलेही नाहीत. गराजमधल्या फ्रीजरमध्ये ते तसेच होते, आणि घरातली दोन माणसं त्या फ्रीजरला वळसा घालून गाडीत बसत होती.

काठावरची भाड्याची केबिन लहानशी होती. दोन खाटा, एक शेगडी, एक मायक्रोवेव्ह, आणि खिडकीभर पाणी. गिरिजानं तिथेही नियम लावला: फोन गाडीच्या कप्प्यात राहतील, संध्याकाळी एकदा काय ते. पण दुपारी शरयू जरा आडवी झाली, तशी गिरिजा पाणी बघून येते म्हणत बाहेर पडली आणि गाडीचं दार वाजलं. शरयू उठली. चोरासारखी पाय न वाजवता केबिनच्या कोपऱ्यापर्यंत गेली. ह्या वयात, फ्लीसचं जाकीट घालून, मैत्रिणीचं बोलणं चोरून ऐकायला. गिरिजा पाठमोरी उभी होती, आणि ज्या आवाजात ती सकाळी करडं पाणी म्हणाली होती त्याच आवाजात फोनवर म्हणत होती, "हो, जेवली. अर्धी पोळी, पण जेवली. आता पडलीय. नाही रे, किल्ली माझ्याजवळच आहे."

तर ते असं होतं. संशय खरा ठरला की माणसाला बरं वाटतं म्हणतात. शरयूला काहीच बरं वाटलं नाही. ती परत खाटेवर येऊन पडली, डोळे मिटले, आणि गिरिजा आत आली तेव्हा झोपल्याचं इतकं बेमालूम सोंग केलं, की त्याचीच तिला भीती वाटली. संध्याकाळी गिरिजा तिला काठावरच्या गोट्यांतून हळूहळू चालवत होती, पावलाकडे लक्ष दे म्हणत होती, आणि शरयू मात्र हिशोबी नजरेनं बघत होती की गिरिजा नेहमी पाण्याच्या बाजूला चालते आणि तिला आतल्या बाजूला ठेवते. गुडघा दुखत असूनही. आणखीही एक होतं. गिरिजानं बरोबर एक कूलर आणला होता, खाणं गार ठेवायची निळी पेटी, तो ती शरयूला उघडू देत नव्हती. फळ हवं असलं तरी, थांब, मी देते. त्यात काय असेल? गोळ्या, शरयूनं ठरवलं. माझ्या गोळ्या, माझ्यापासून लांब ठेवायला दिलेल्या. तिला राग आला, आणि रागाच्या खाली एक लाजिरवाणं रडू आलं, कारण सगळ्या जगात एकच माणूस तिला उरलं होतं जे तिला बावीस वर्षांची म्हणून ओळखत होतं, आणि तेही आता पहाऱ्यावर लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरिजानं स्वतःच कूलर उघडला. सफरचंदांच्या खालून, बर्फाच्या पिशव्यांमधून, दह्याचा एक डबा काढला आणि टेबलावर ठेवला. पांढरी चिकटपट्टी, कडा उचकटलेली. आमटी, शुक्र, आणि पुढे दोनचा आकडा. शरयूला आपलंच अक्षर ओळखायला एक क्षण लागला. तू फ्रीजर उघडलास, ती म्हणाली. गिरिजा म्हणाली, हो, काल सकाळी, रवी बॅगा ठेवत होता तेव्हा; त्याला माहीत नाही. मग ती उठली, मायक्रोवेव्हमध्ये डबा फिरवला, कुकर नव्हता म्हणून पातेल्यात भात लावला, दोन ताटल्या वाढल्या आणि समोर बसली. हळू खायचं, म्हणाली, पहिला घास नीट. शरयूला ओरडावंसं वाटलं. मेलेलं माणूस उकरून काढावं तसा हा डबा, आणि ही म्हणते घास नीट. पण भूक लागली होती, वास आमसुलाचा आणि गोड्या मसाल्याचा होता, तिच्या आईचा होता, आणि हात सवयीनं भाताकडे गेला. तिनं घास तोंडात घातला. समोर गिरिजानं घातला. गिरिजाचा चेहरा आधी ताणला, मग आक्रसला, पण माइंडफुल बाई थांबली नाही, डोळे मिटून चावत राहिली, आणि शरयू म्हणाली, "अगं टाक ते. मीठ झालंय."

खारट होतं. असं खारट, की जिभेच्या कडा आखडल्या. शरयू दोन ग्लास पाणी प्यायली आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला खारट लागलं. जानेवारीनंतर प्रथमच. ती गिरिजाला ते सांगणार होती, पण गिरिजानं ताटली बाजूला केली होती आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले होते.

"शरे, चौदा का?" ती म्हणाली. आजाऱ्याच्या खोलीतला आवाज नव्हता तो. कोलंबसच्या स्वयंपाकघरातला होता, तू माझं दूध संपवलंस का, असं विचारणारा. "त्या बाईला काय कळणार. रवीही विचारणार नाही. पण ही रविवारची पद्धत आपण दोघींनी काढली. सात तुझे, सात माझे. एकीचे चौदा कधीच नव्हते. का केलेस?"

शरयूच्या तोंडाशी रोजचं उत्तर आलं: रुही येणार होती. ते तिनं काउन्सेलरला दिलं होतं, रवीला दिलं होतं, स्वतःलाही बरेचदा दिलं होतं. खिडकीबाहेर पाणी त्याच त्या गोट्यांवर येत होतं आणि जात होतं. गिरिजा वाट पाहत होती, आणि मध्ये बोलून मदत करत नव्हती.

"मला माहीत नाही गं," शरयू म्हणाली. "सात केले. मग हात थांबेनात. आठवा करताना वाटलं, असू दे. नववा करताना मनात आलं, रवीला कणीक भिजवता येत नाही, पोळ्याही करून ठेवाव्यात. म्हणजे बघ. माझ्यातल्या कुणीतरी ठरवून टाकलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं. मी सगळ्यांना म्हणते, मी परत निघणारच होते. पण तो म्हातारा आला, काच वाजवली, आणि मला घेऊन आला. तो आला नसता तर मी निघाले असते की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. तुम्ही सगळे माझ्यावर लक्ष ठेवता ना? मी पण ठेवते. माझ्यातल्या तिच्यावर माझाही विश्वास नाही."

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई म्हणायची, आणि शरयूला ते नेहमी दुसऱ्यांबद्दल वाटत आलं होतं. ती रडायला लागली. गिरिजा उठून जवळ आली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. तिनं ते केलं असतं तर शरयूचं रडणं तिथेच थांबलं असतं. बऱ्याच वेळानं गिरिजा म्हणाली, की मी रवीला रोज फोन करते. जेवली का आणि झोपली का, एवढं सांगते, आणि किल्लीचं सांगते, कारण तो विचारतो. हे आत्ताचं सांगणार नाही. ते तुझं आहे, तुला वाटलं तर तू सांग. शरयू म्हणाली, मला फोनचं माहीत होतं. गिरिजा म्हणाली, मला माहीत होतं की तुला माहीत आहे. कोपऱ्यावर तुझी सावली माझ्या पायाशी पडली होती. मग गिरिजानं आमटी सिंकमध्ये ओतली, डबा घासला, चिकटपट्टी नखानं खरवडून काढली आणि डबा पालथा घातला.

तिसऱ्या दिवशी त्या ग्रँड मरेला पोचल्या. छोटं बंदर, चार रस्ते, आणि पाण्यात लांबवर गेलेला दगडी धक्का. गिरिजानं गाडी बंदराच्या पार्किंगमध्ये अगदी शेवटच्या ओळीत लावली, तोंड पाण्याकडे, पुढे नुसता एक लाकडी ओंडका आडवा. बेकरी मागे रस्त्यापलीकडे होती. कॉफी घेऊन येते, म्हणाली, रांग असेल. उतरली. दार लावलं. लंगडत चार पावलं गेली आणि शरयूच्या लक्षात आलं की हीटर चालू आहे.

किल्ली जागेवर होती. लाकडी गणपती तिच्याखाली हलत होता.

परीक्षा, शरयूला पहिलं हेच वाटलं. विसरली असेल हे शक्य नाही, गिरिजा विसरत नाही. म्हणजे मुद्दाम. म्हणजे आता ती बेकरीच्या काचेतून बघत असणार. शरयू सीटवर वळून मागे पाहायला लागली. बेकरीची काच पोस्टरांनी भरलेली, कसल्या कसल्या मेळ्यांची, आणि दारात रांग, आणि रांगेत गिरिजाची पाठ. ती पुढे पाहत होती. एकदाही वळली नाही. मग आत गेली. शरयूनं शेजारच्या गाड्या पाहिल्या, रिकाम्या. धक्क्यावर एक जोडपं होतं, तेही दूर चाललेलं. कुणी पाहत नव्हतं, आणि ह्याचीच तिला सवय राहिली नव्हती. समोर पाणी होतं, ओंडक्यापलीकडे, करडं, हललं तरी सपाट. ती ड्रायव्हरच्या सीटवर सरकली. काचेकडे कान लागले होते, की आता टकटक होईल. झाली नाही. हीटरची घरघर, गणपतीची टिकटिक, आणि पाणी. ती स्वतःच्या आत वाकून बघत होती, त्या दुसरीला शोधत, जिनं चौदा डबे भरले होते. ती काय म्हणते ते ऐकायला. ती काही म्हणत नव्हती. म्हणजे नाहीच, की दबा धरून आहे, कोण सांगणार? बराच वेळ असा गेला. मग तिच्या मनात जे आलं ते अगदीच साधं होतं. दोन कॉफ्या हातात घेऊन ही बाई दुखऱ्या गुडघ्यानं एवढं पार्किंग ओलांडून येणार.

शरयूनं गाडी रिव्हर्समध्ये टाकली. सात महिन्यांनी पाय पेडलवर, जरा झटकाच बसला. पाणी आरशातून नाही, समोरून लांब गेलं. तिनं वळवलं, रस्ता ओलांडला आणि बेकरीच्या कडेला, एका मोठ्या व्हॅनमागे जागा होती तिथे गाडी लावली.

गिरिजा बाहेर आली ती व्हॅनच्या दुसऱ्या बाजूनं. तिनं शरयूला पाहिलं नाही. तिनं पार्किंगच्या शेवटच्या ओळीकडे पाहिलं, जिथे गाडी नव्हती, ओंडक्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. शरयूला तिचा चेहरा एका बाजूनं दिसत होता. कपाळ वर ओढलेलं. तोंड किंचित उघडं. डोळे कशावरच नाहीत, कशाच्या तरी आसपास शोधत. रवीचा चेहरा. तोच, अगदी तोच, जिन्यापाशी, सिंकपाशी, बाथरूमच्या दाराशी सात महिने तिनं चुकवलेला आणि पहारा म्हणून नाव ठेवलेला. आणि गिरिजाला तर माहीतही नव्हतं की तिला कुणी पाहतंय. हे भय होतं. ह्यात संशय नव्हताच, किंवा होता तो एवढाच, की आपलं माणूस आता दिसणार आहे की नाही. रवी त्या दिवशी तळ्याच्या काठावर असाच उभा राहिला असेल, बर्फावरच्या रिकाम्या गाडीकडे बघत, आणि ती पोलिसाच्या गाडीत पलीकडे बसली होती, ब्लँकेट घेऊन, मी परत निघणारच होते म्हणत.

तिनं काच खाली केली. "गिरजे, इकडे," ती म्हणाली.

गिरिजा वळली. कॉफी तिच्या बाहीवर सांडली होती, तिचं तिलाच कळलं नव्हतं. ती आली, दुसऱ्या बाजूनं आत बसली, कप जागेवर ठेवले, आणि कितीतरी वेळ समोरच्या व्हॅनच्या नंबरप्लेटकडे पाहत राहिली.

"सांगून तरी हलवायचीस," ती शेवटी म्हणाली.

"तुझा गुडघा," शरयू म्हणाली. "आज रवीला फोन मी करते."

गिरिजानं मान हलवली. तिचा हात सवयीनं पुढे आला, किल्लीकडे, आणि मधेच वळून सीटबेल्टकडे गेला. शरयूनं ते पाहिलं, पाहिलं नाही असं दाखवलं, आणि गाडी रस्त्याला लावली.